दहा दिवस जितं ठेवा

लिलाबाईला कुत्री आवडत नाहीत. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण तेवीस कुत्री सांभाळणारी बाई म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं भलतंच काहीतरी उभं राहतं. मांडीवर पिल्लू, त्याच्याशी लाडेलाडे बोलणं, गालाला गाल. छ्या! लिलाबाईच्या मांडीवर चढायला गेलेलं प्रत्येक कुत्रं आजवर खालीच आपटलंय. रोज सकाळी ती एकेकासमोर पाण्याचं घमेलं ठेवते ते शिव्या घालतच. "पे मुडद्या! पे लवकर. तुह्या मांगं बावीस हायेत अजून."

आणि ते पितं की नाही, हे मात्र डोळ्यात तेल घालून बघते.

वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावहून शिरपूर जैनला जाताना एक फाटा लागतो, त्या फाट्यावरच्या गावातली ही गोष्ट. गावाचं नाव सांगायचं नाही असं ठरवलंय. सांगितलं तर दहा माणसं भांडायला येतील, आणि त्यातली सात तरी या गोष्टीतलीच निघतील.

गावाबाहेर ग्रामपंचायतीचा जुना कोंडवाडा आहे. मोकाट ढोरं धरून आणायची, तिथं कोंडायची आणि मालकाकडून दंड घेऊन सोडायची, यासाठी कधीकाळी बांधलेला. चार दगडी भिंती, मधे एक बाभूळ, एक पत्र्याची पडवी आणि लोखंडी फाटक. लोकांनी ढोरं विकली, ट्रॅक्टर आले, कोंडवाडा ओस पडला. पंधरा वर्षांपूर्वी लिलाबाईनं घरचं कुलूप आणून त्या फाटकाला लावलं. सरपंच विचारायला आले तेव्हा म्हणाली, "तुमाले पायजे होता त कुलूप तुमी लावाचं होतं." त्यानंतर चार सरपंच झाले, कुलूप तेच आहे.

आज तिथं तेवीस कुत्री आहेत. शिवाय दोन्ही डोळ्यांनी आंधळा एक बैल, वीटभट्टीवाल्यांनी पाय मोडला म्हणून टाकून दिलेलं एक गाढव, आणि दोन मांजरी, ज्या कुणाच्या बापाला भीत नाहीत. फाटकावर एक पत्रा लावलाय. त्यावर लिलाबाईनं सांगितलं तसंच्या तसं लिहिलंय: "अथी कुत्रं माराले भेटनार नाही." शाळेतल्या गुरुजींनी भाषा सुधारून द्यायची तयारी दाखवली होती. तिनं त्यांना सांगितलं, "ज्याईले वाचाचं हाय त्याईले समजते."

तिची पद्धत सोपी आहे. कुत्रं कुणाला चावलं, तर मारायचं नाही. तिला बोलवायचं. ती लोखंडी नळीतून काढलेल्या तारेच्या फासानं ते धरते, पडवीतल्या खुंट्याला साखळीनं बांधते आणि दहा दिवस त्याच्यावर नजर ठेवते. रोज सकाळी खुंट्यामागच्या भिंतीवर खडूची एक रेघ. पिसाळलेलं कुत्रं दहा दिवस काढत नाही. दहा रेघा झाल्या आणि ते तसंच पाणी पितंय, भाकर खातंय, तर चावलं तेव्हा ते निरोगी होतं. मधेच खाणं टाकलं, आवाज बदलला, मेलं, तर चावलेल्या माणसानं एकही सुई चुकवायची नाही. सुई पहिल्या दिवसापासून घ्यायचीच, कुत्रं कसंही असो. पण लोक कसले वस्ताद! एक सुई घेतात, हात दुखला म्हणतात, दुसऱ्या सुईला गायब. कुत्रं जिवंत असेपर्यंत निदान त्या कुत्र्याच्या धाकानं तरी जातात.

दहा दिवसांनंतर मात्र ते कुत्रं परत न्यायला कुणी येत नाही. म्हणून तेवीस झाली.

हे सगळं तिनं कशापायी सुरू केलं ते गावाला पाठ आहे, कारण तिनंच हजारदा सांगितलंय. सव्वीस वर्षांपूर्वी तिच्या नऊ वर्षांच्या राजूला नदीवरून येताना पोटरीला कुत्रं चावलं. आपल्याकडं तेव्हा रीत होती, आणि मेली अजून आहे, की कुत्रं चावलेल्याला सात विहिरींत डोकावायला लावायचं. सातव्या विहिरीच्या पाण्यात स्वतःचं तोंड दिसलं की विष उतरलं. लिलाबाईच्या सासूनं राजूला सात विहिरी दाखवल्या. सातव्या विहिरीत तोंड बघून पोरगं हसलं. तेवढ्यात गावातली पोरं काठ्या घेऊन आली अन् म्हणाली, "कुत्रं मारलं काकू, सुटला पोरगा." दीड महिन्यानं राजूनं पाण्याचा पेला बघितला आणि किंचाळला. तिसऱ्या दिवशी तो गेला.

लिलाबाई नंतर आरोग्य केंद्रात परिचर म्हणून लागली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी एकदा एका बाईला सुयांचं आणि दहा दिवसांचं समजावून सांगितलं, ते हिनं दारात झाडू घेऊन उभ्या उभ्या ऐकलं. साधी गोष्ट, पाच मिनिटांत सांगून झाली. लिलाबाईनं झाडू तिथंच टाकला आणि मागच्या भिंतीशी जाऊन भिंतीवर मुठी आपटल्या. पाच मिनिटांची गोष्ट! तेव्हापासून तिच्या डोक्यात जी तिडीक गेली ती उतरली नाही. नवरा जगदेव चार वर्षांपूर्वी वारला. तो भला माणूस होता. ती सासूला शिव्या घालायला लागली की उठून शेतात जायचा, शब्द बोलायचा नाही.

आता या वर्षीचं ऐका.

तुरी सोंगायच्या, कापणीच्या दिवसांत, एका सोमवारी सकाळी, लखनच्या निकिताला कुत्रं चावलं. लखन म्हणजे फाट्यावर पंक्चरचं दुकान आहे तो, त्याची बायको राखी, आणि ही त्यांची एकुलती एक, सहा वर्षांची पोरगी. शाळेत जाताना पिवळ्या कुत्र्यानं तिच्या मनगटावर दात रोवले. कुत्रं बसस्टँडवरचंच होतं. गाव काठ्या घेऊन निघालं. लिलाबाई तारेचा फास घेऊन पोचली तेव्हा सर्वांत पुढं कोण? उदयसिंग!

या उदयसिंगचा किस्सा सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. तीन वर्षांपूर्वी ह्याच माणसाला कुत्रं चावलं होतं. ह्यानं एक सुई घेतली आणि मिशीला पीळ देत फिरत होता, "आपल्याले काही होत नाही." त्याला चावलेल्या कुत्र्यानं सहाव्या दिवशी लिलाबाईच्या खुंट्यावर पाणी टाकलं, सातव्या दिवशी ते मेलं. लिलाबाई चपला न घालता पळत त्याच्या शेतात गेली, त्याची कॉलर धरून बांधावरून ओढत आणला आणि राहिलेल्या सुया घ्यायला लावल्या. तो आज जिवंत आहे तो त्या रेघांमुळं. आणि तोच काठी घेऊन ओरडत होता, "ठोका रे! ठोका!"

"तुले लाज हाय का रे?" लिलाबाई त्याच्या अंगावर गेली. "तू कोनाच्या भरवशावर हुबा हाय अथी? बाजूले व्हय! नाही त या फासात पयले तुले घेतो."

उदयसिंग बाजूला झाला. ती कुत्र्याला फास लावून ओढत घेऊन निघाली आणि जाता जाता लखनला विचारलं, "पोरीले सुई दिली का?"

लखन खाली बघायला लागला. "माय घेऊन गेली तिले."

"कुठी?"

"हिरीवर."

तळपायाची आग मस्तकात गेली बाईच्या. कुत्रं चौथ्या खुंट्याला बांधून, फाटकाला कुलूप घालून ती तशीच धावली. लखनची आई हेमलाबाई आणि दोन शेजारणी पोरीला घेऊन गावभर हिंडत होत्या. आता गंमत बघा. गावात पूर्वी अकरा विहिरी होत्या, आज चारच उरल्यात. बाकीच्या बुजवल्या, त्यावर कुणी संडास बांधला, कुणी गाडी ठेवायला शेड. उरलेल्या चार बघून झाल्या. मग पाचवी म्हणून शेततळ्यात डोकावलं. सहावी म्हणून जनावरांच्या हौदात. सातवी काही सापडेना, म्हणून या शहाण्यांनी पोरीला पाण्याच्या टाकीच्या लोखंडी शिडीवर चढवलं होतं! चाळीस फुटांवर सहा वर्षांची पोर, मनगटातून रक्त गळतंय, वर चढून टाकीत तोंड बघायचं. राखी शिडीच्या तळाशी उभी राहून रडत होती आणि हेमलाबाई ओरडत होती, "पाय जमवून, बेटा, पाय जमवून!"

लिलाबाईनं वर जाऊन पोरीला उतरवलं. टाकीखालच्या नळावर पोरीचं मनगट धरलं आणि साबणानं धुवायला लागली. पोरगी भोकाड पसरून रडत होती. पाच मिनिटं झाली, दहा झाली, पंधरा झाली, ही धूतच होती.

"व लिला, बस कर ना," हेमलाबाई म्हणाली. "पोट्टीचा हात सोलून काढतं का?"

"हेमले, तू गप राय. तू एक अक्षर बोलू नको आज."

गाडीची सोय रऊफभाईनं केली. रऊफभाई म्हणजे शिरपूरचे भांडेवाले. स्टीलच्या भांड्यांचं दुकान, लग्नाकार्यातल्या भेटीच्या भांड्यांवर मशीननं नावं घालून देतात. या पंचक्रोशीत अशी वाटी नसेल जिच्यावर रऊफभाईचं अक्षर नाही. कोंडवाड्याच्या फाटकावरचा पत्राही त्यांनीच लिहिलाय. त्यांच्या मालवाहू रिक्षातून खानावळींच्या उरलेल्या पोळ्या कोंडवाड्यात येतात. त्याच रिक्षातून पोरगी, राखी, लखन आणि लिलाबाई मालेगावच्या दवाखान्यात गेली. पहिली सुई झाली. जखमेत भरायचं औषध वाशीमला मिळेल म्हणाले, तर तसंच पुढं वाशीमला. संध्याकाळी परत येताना लिलाबाईनं लखनला कार्ड वाचून दाखवलं. आज सोमवार. मग गुरुवार. मग पुढचा सोमवार. आणि शेवटची अठ्ठाविसाव्या दिवशी.

"कुत्रं काही का होईना, सुया चुकल्या नाही पायजे. आयकून राह्यला ना?"

"हो मावशी."

गुरुवारची झाली. चौथ्या खुंट्यामागं एकेक रेघ वाढत होती. पिवळं कुत्रं अगदी ठणठणीत होतं. घमेलंभर पाणी प्यायचं, भाकर हातातून ओढून घ्यायचं, आंधळ्या बैलावर भुंकायचं. लिलाबाईला चौथ्या दिवशी बरं वाटायला लागलं होतं. पण गावात दुसरंच शिजत होतं.

हेमलाबाईनं ओट्याओट्यावर सांगायला सुरुवात केली की सातवी हिर लिलानं पाहू दिली नाही. सातवी राहिली म्हणजे इख आत अडकलं. आता एकच उपाय: चावलेलं कुत्रं सात दिवसांच्या आत मेलं पाहिजे. जोवर ते जितं हाय, तोवर पोरीच्या आंगातलं इख जितं हाय. हे कुठून आणलं तिनं, देव जाणे. पण असली गोष्ट सांगणाऱ्याला पुरावा कुणी मागत नाही. खरं सांगणाऱ्यालाच मागतात. शनिवारी मारुतीच्या पारावर माणसं जमली आणि लिलाबाईला बोलावणं आलं.

"एका कुत्र्यापायी गावाची पोरगी माराची हाय का?" उदयसिंग म्हणाला.

"पोरगी वाचव्यासाठीच त ते बांधून ठेवलं, मुर्खा!" लिलाबाई पारावरच्या साऱ्यांना ऐकू जाईल अशी बोलली. "मले काय कुत्र्याचा पुळका हाय? माह्या घरचं कोन लागते ते? अजून पाच दिवस. पाच दिवस ते जितं राह्यलं त पोरीच्या मायबापाले सुखाची झोप लागन. आज मारलं त कधीच समजनार नाही त्याले रोग होता का नव्हता. डोळे फोडून घेऊन वाट पाहाची हाय का तुमाले?"

माणसं एकेक करून उठली. पटलं म्हणून उठली असं तिला वाटलं. ती तिची चूक. पारावरच्या बायकांत मागं राखी उभी होती, पदराचं टोक तोंडात धरून, आणि तिनं लिलाबाईकडं नाही, सासूकडं बघितलं. ते लिलाबाईनं बघितलंही होतं.

सोमवारी सकाळी सातवी रेघ ओढली. लखन दुकान उघडायला जाताना भेटला.

"आज सुई हाय."

"दुपारून जाऊन राह्यलो ना मावशी, गिऱ्हाईक उरकलं का."

ती निश्चिंत मनानं दुपारी शिरपूरला पोळ्या आणायला गेली. चार वाजता रऊफभाईंच्या रिक्षातून परत आली तेव्हा फाटकापाशीच कळलं. कुत्र्यांचा एरवी पोळ्यांच्या वासानं जो भुंकण्याचा गिल्ला होतो तो नव्हता. तेवीस कुत्री भिंतीला लागून उभी होती आणि चौथ्या खुंट्याचं आडवं पडलं होतं. तोंडाला फेस, पाय ताठ, साखळी ताणलेली. समोर गूळ लावलेल्या भाकरीचे चार तुकडे आणि एक वाटी. वाटीला कपाशीवर फवारायच्या औषधाचा वास येत होता.

भिंतीला एका ठिकाणी खाली दगड रचून चढायला पायरी केलेली होती. बाकी एकाही कुत्र्यासमोर तुकडा नव्हता. लिलाबाईनं भिंतीकडं बघितलं. चोवीस कुत्र्यांत, त्यातली निम्मी पिवळीच, चावलेलं कोणतं, हे परक्या माणसाला कसं कळणार? सात रेघा कुणाच्या मागं आहेत, ते बघून. तिच्याच हातच्या रेघा.

रऊफभाईंनी वाटी रुमालात धरून उचलली, उलटी केली आणि त्यांचा चेहरा पडला. "या अल्ला. लिलाबाई, ये तो मेरा हाथ है."

वाटीच्या बुडाशी त्यांचंच अक्षर होतं: राखी-लखन, मामाकडून सप्रेम भेट.

आता सांगा! माणूस विष घालायला निघतो आणि आपल्या लग्नातली नाव घातलेली वाटी घेऊन जातो. या गावात कुणाच्याही फडताळात बिननावाची वाटीच नसते त्याला ती तरी काय करणार? घाबरून वाटी टाकून पळाली असणार. लिलाबाईनं रुमालासकट वाटी घेतली, पदर खोचला आणि चालायला लागली. रऊफभाई मागून म्हणत होते, "बाई, रुको, मैं आता हूं, गुस्से में मत जाओ." ती थांबली नाही.

लखनच्या घरी ओट्यावर हेमलाबाई गहू निवडत बसली होती. निकिता मनगटाला पट्टी बांधून खडूनं फरशीवर घर काढत होती. लखन दुकानातून येऊन चहा पीत होता. म्हणजे दवाखान्यात गेलेच नव्हते! लिलाबाईनं वाटी फरशीवर मधोमध ठेवली. निकिता लगेच म्हणाली, "माही वाटी!" आणि हात पुढं केला.

"हात लावू नको!" लिलाबाई इतक्या जोरात ओरडली की पोरगी रडायलाच लागली. राखी आतून धावत आली, वाटी बघितली आणि चौकटीला धरून उभी राहिली.

"या वाटीत पोरगी दूध पेते ना व, राखी?"

राखीनं पोरीला मागं ओढलं. लखनला काही कळत नव्हतं. "काय झालं मावशी?"

"कुत्रं मेलं."

हेमलाबाईनं सूप खाली ठेवलं, दोन्ही हात जोडून कपाळाला लावले आणि म्हणाली, "सुटली बाई पोरगी."

झालं. हेच शब्द. सव्वीस वर्षांपूर्वीचे तेच शब्द, त्याच सुरात. लिलाबाईनं पायानं सूप उडवलं, गहू साऱ्या ओट्यावर पसरले.

"कायची सुटली? कायची सुटली व? अडकली! आता समजाचा रस्ता बंद केला तुमी. तीन दिवस राह्यले होते, तीन! आता ते रोगानं मरनार होतं का इखानं मेलं, कोन सांगन? आन् आजची सुई कुठी हाय, लखन?"

"माय म्हने का कुत्रं मेलं का मंग सुईची गरज नाही..." लखन म्हणाला आणि मधेच थांबला. आपण काय बोललो ते त्याला आता कळलं. त्यानं बायकोकडं बघितलं. "तू गेलती?"

"पोरीसाठीच गेली मी," राखी म्हणाली. "माय रोज सांगून राह्यली का इख जितं हाय. मले रातभर तिचा श्वास आयकू येते. मी काय करू? मी माय हाय तिची! तुमाले काय समजते मावशी? तुमच्या सासूनं केलं, तुमी नाही केलं. तुमाले काय समजते!"

ओट्यापाशी आता शेजारपाजारचे आठदहा जण जमले होते. रऊफभाई रिक्षा दारात लावून उभे होते. लिलाबाईचा चेहरा लालबुंद झाला होता, आणि सगळ्यांना वाटलं आता ही राखीच्या थोबाडीत देणार. ती दोन पावलं पुढं गेलीही.

"सासूनं नाही केलं," ती म्हणाली.

कुणाला नीट ऐकू आलं नाही. तिनं पुन्हा, ओरडून सांगितलं.

"सासूनं नाही केलं! सासू म्हनत होती, मालेगावले ने, डाक्टरले दाखव. जगदेवनं बैल आनून खाचर जुपलं होतं. मी म्हटलं नाही. माह्या मायेरी सात हिरी दाखवतात, आपन बी दाखवू. सासू माह्या मांगं मांगं हिंडली, रडली, म्हने पोट्ट्याले ने व. मी तिले म्हटलं, तुमाले काय समजते, मी माय हाय त्याची. आन् पोट्टे इचाराले आले, कुत्र्याचं काय करू काकू? मी म्हटलं, मारा. मीच म्हटलं!" तिला श्वास पुरेना. "मेलेली बाई उत्तर देत नाही. म्हनून सव्वीस वर्सं तिच्या नावावर खपवलं मी. जगदेवनं बी कधी मले खोटं पाडलं नाही."

हेमलाबाईनं तोंडावर हात ठेवला. उदयसिंगही गर्दीत होता, तो खाली बघत होता.

"आता उठा," लिलाबाई म्हणाली. "चपला घाला. तिसरी सुई आज हाय, आजच होईन. जो आडवा येईन त्याले मी त्याच साखळीनं खुंट्याले बांधीन, आन् दहा दिवस नाही, दहा वर्सं सोडनार नाही."

कुणी आडवं आलं नाही. दवाखान्यात सहा वाजता तिसरी सुई झाली. कुत्रं कसं मेलं ते लिलाबाईनं तिथल्या सिस्टरला सांगितलं. सिस्टर म्हणाल्या, आता एकही चुकवू नका. परत येताना राखी रिक्षात पोरीला छातीशी धरून बसली होती आणि लिलाबाई तिच्याकडं पाठ करून रस्त्याकडं तोंड करून बसली. पिवळं कुत्रं तिनं दुसऱ्या दिवशी बाभळीखाली पुरलं. पुरतानाही शिव्याच घालत होती, पण कुणाला ते कळत नव्हतं. मग खडू घेऊन सगळ्याच खुंट्यांमागं तिनं सारख्याच दहा दहा रेघा ओढल्या. खरा हिशोब आता तिच्या डोक्यात असतो.

वाटी मात्र तिनं परत दिली नाही. चांगली घासून घेतली, मधोमध खिळा मारला आणि कोंडवाड्याच्या फाटकावर, पत्र्याच्या खाली ठोकली, बूड बाहेर. येणारा जाणारा नाव वाचायचा. गावात कुजबूज झाली, लखननं दोनदा मिनत्या केल्या, हेमलाबाईनं निरोप धाडला. लिलाबाई बधली नाही.

अठ्ठाविसाव्या दिवशी चौथी सुई झाली. सिस्टरनं कार्डावर शेवटची खूण केली आणि निकिताला बिस्कीट दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी राखी एकटीच कोंडवाड्यावर आली. लिलाबाई फाटकात पाण्याची बादली घेऊन उभी होती.

"मावशी, झाल्या ना आता साऱ्या सुया," राखी म्हणाली. "ते वाटी काढून टाका ना. पोरगी शाळेत जाते याच रस्त्यानं. तिले वाचता येते आता. मी हात जोडतो."

"नाही काढत."

"माफ करा ना मावशी. एक डाव माफ करा."

"नाही करत. जवळ ये. नीट वाच पयले."

राखी फाटकाजवळ गेली. वाटीच्या बुडाशी राखी-लखन, मामाकडून सप्रेम भेट, हे जुनं झिजलेलं अक्षर होतं. त्याच्याखाली रऊफभाईंच्याच मशीननं घातलेली नवी, लखलखीत ओळ होती. राखीनं बोट लावून ती वाचली: लिलाबाई, राजूची माय.

तिनं वळून लिलाबाईच्या तोंडाकडं बघितलं. आत कुत्र्यांचा गिल्ला सुरू झाला होता.

"तोंड काय पाहून राह्यली माहं?" लिलाबाई खेकसली. "बादली उचल. तेवीस हायेत."